जमिनीचा भाव वगळून

दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समधल्या त्या जुन्या कोठीचे मालक दारातच म्हणाले, "बारह करोड़ से कम मत लिखिएगा." विम्यासाठी आलेल्या मूल्यमापकाने मान डोलावली आणि लेझर मीटरचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवर टेकवला. मी त्याच्या कामाची पद्धत बघायला सोबत गेलो होतो.

13 जुलै 2023 रोजी यमुना जुन्या लोखंडी पुलापाशी 208.66 मीटरवर पोहोचली. धोक्याची पातळी 205.33, 1978 चा 207.49 चा उच्चांकही मागे पडला. तेव्हा या भागातल्या घरांत पाणी शिरलं होतं. फुगलेला प्लायवूड, पोपडे धरलेलं प्लास्टर, निकामी वायरिंग असं नुकसान पाण्याने केलं; जमीन होती तिथेच राहिली. दिल्लीत घराचा भाव म्हणजे मुख्यतः जमिनीचा भाव, आणि विम्याच्या हिशेबात तो धरतच नाहीत.

एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पूर मूळ संरक्षणातच येतो. विमा रक्कम काढायची रीत साधी: कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकाम खर्च. इथे 180 चौरस मीटर, दर 28,000 रुपये. म्हणजे 50 लाख 40 हजार. घर साठ वर्षांचं असलं तरी घसारा वजा होत नाही, कारण पुन्हा बांधायला सिमेंट आजच्याच भावाने घ्यावं लागतं. प्रीमियम या रकमेवर हजारी दराने बसतो, म्हणून बांधकाम महागलं की तोही चढतो. सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, पण कमाल 10 लाख, आपोआप धरले जातात.

रक्कम कमी लिहून प्रीमियम वाचवणं दुकानदाराला फार महागात पडतं. 10 लाखांच्या मालाचा 6 लाखांचाच विमा असेल, तर 4 लाखांच्या नुकसानीवर 2 लाख 40 हजारच हातात येतात. घराच्या या पॉलिसीत अशी कपात नाही. मात्र इमारतीच्या दुरुस्तीसाठी विमा रकमेपलीकडे काही मिळत नाही.

बारा कोटींचा हट्ट मालकांनी लवकर सोडला. सागवानी दरवाजे आणि उंच छतांवरून मात्र ते अडून बसले, आणि मला वाटतं तिथे त्यांचंच बरोबर होतं. सरासरी दरात असं घर पुन्हा उभं राहत नाही. मूल्यमापकाने 28,000 खोडून 32,000 लिहिले. रक्कम 57 लाख 60 हजार झाली, आणि प्रीमियमही त्याच प्रमाणात वर गेला.