राहत्या इमारतीला रंग देताना

मुंबईत पाऊस सरला की सोसायट्यांभोवती परांच्या चढतात. माणसं आत राहत असतानाच भिंती धुणं, भेगा बुजवणं, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. नवा गिलावा नीट सुकू द्या, नाहीतर पोपडे ठरलेलेच.

मला खरी काळजी वाटते ती जुनी ग्रिल्स घासताना उडणाऱ्या धुळीची! घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा भारतातला नियम २०१६चा. त्याआधीच्या थरांत ते बरंच जास्त असू शकतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते घातक आहे. म्हणून कोरडं घासू देऊच नका, ओलं करून घासायला सांगा. तेवढा वेळ खिडक्या बंद, वाळत घातलेले कपडे आत.

आणि परांचीवरच्या रंगाऱ्याने सेफ्टी बेल्ट लावलेला नसेल, तर काम तिथेच थांबवा.