शून्य पातळीचा शिपाई

आज मी आपल्याशी एका खेळाविषयी बोलणार आहे. त्याचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. नाव ऐकून हा पोरांचा खेळ वाटेल, पण तो खेळणारे पुष्कळदा तिशी-चाळिशीतले, नोकरी-संसार असलेले लोक असतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकानं एक सोंग घेतलेलं असतं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी मंत्रानं जखमा बऱ्या करणारी पुजारीण. एक जण मात्र कोणतंच एक सोंग घेत नाही. बाकीचं सगळं जग त्याच्याकडे असतं. राजा तो, राक्षस तो, सरायचा मालक तो आणि पाऊसही तोच. आपल्या नाटकातला ‘सूत्रधार’ हा शब्द त्याला चपखल बसतो. या खेळात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे सरकत राहते.

या खेळातला एकच प्रसंग मला उलगडून दाखवायचा आहे. नायकांच्या टोळीची गाठ सैनिकांशी पडते, तो. राक्षसांशी नव्हे, भुतांशी नव्हे, तर कुणाच्या तरी पगारावर पहारा देणाऱ्या साध्या माणसांशी.

लढाई अशी चालते. एक फेरी म्हणजे सहा सेकंद. प्रत्येकाची पाळी येते. वार करायचा म्हणजे वीस पैलूंचा फासा टाकायचा, पडलेल्या दानात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि समोरच्याच्या चिलखताचा आकडा गाठायचा. गाठला तर वार लागला. मग दुसरा फासा टाकून जखम किती खोल ते ठरवायचं. प्रत्येकाकडे जिवाचे काही गुण असतात. इंग्रजीत त्यांना हिट पॉइंट्स म्हणतात, मी सरळ ‘जीव’ म्हणतो. जीव शून्यावर आला की माणूस कोसळला.

मी बी.ए. झालेला माणूस, आकडेमोडीशी माझं सख्य नाही. पण इथे आकडेच बोलतात. 2014 च्या नियमावलीत साध्या पहारेकऱ्याचं चिलखत 16 आणि जीव 11 आहे. पाचव्या पातळीचा योद्धा घ्या. त्याचा जीव 44 च्या आसपास आणि चिलखत 18. आपल्या पाळीत तो दोनदा वार करतो आणि त्याचे वीसपैकी बारा वार लागतात. दोन वार लागले की पहारेकरी बहुधा संपतोच. पहारेकऱ्याचे मात्र वीसपैकी सहाच वार लागतात आणि एका वारानं सरासरी साडेचार जीव जातो. ढोबळ हिशेब केला तर एकट्या पहारेकऱ्याला या योद्ध्याला लोळवायला तेहेतीसएक वेळा भाला चालवावा लागेल. योद्ध्याला त्याच्यासाठी दोन पाळ्याही पुष्कळ झाल्या.

आणि हे तलवारीचं झालं. जादूगाराकडे ‘फायरबॉल’ नावाचा मंत्र असतो. त्यासाठी वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. कल्पकाला इथे बंदुकीची दारू आठवली असणार, कारण विष्ठेत सोरा असतो. वीस फूट त्रिज्येच्या गोलात आगीचा लोळ फुटतो. सहा पैलूंचे आठ फासे टाकायचे, सरासरी 28. चपळाईनं अंग चोरणाऱ्याला निम्मा मार बसतो, म्हणजे 14. पहारेकऱ्याचा जीव किती? अकरा. म्हणजे चपळाई दाखवली तरी तो बहुधा मरतो आणि नाही दाखवली तरी मरतो. दहा पहारेकरी जवळजवळ उभे असतील तर सहा सेकंदांत पूल मोकळा.

हा शिपाई इतका स्वस्त कसा झाला, याचा इतिहास आहे आणि तो आपल्या बुद्धिबळाशी येऊन पोचतो. चतुरंग इथून गेला, इराणात शतरंज झाला आणि फिरत फिरत युरोपात पोचला. 1780 मध्ये ब्रुन्सविकच्या हेल्विग यांनी बुद्धिबळ फुगवून त्याचा मोठ्या पटाचा युद्धखेळ केला. पुढे प्रशियात राइसविट्झ पितापुत्र आले. वडिलांनी 1812 मध्ये राजासाठी वाळूऐवजी घडीव भूभागांचं टेबल बनवलं. तोफखान्यात लेफ्टनंट असलेल्या मुलानं 1824 मध्ये ‘क्रीगस्पील’ची नियमावली छापली. खराखुरा नकाशा, लाल-निळे ठोकळे, नुकसान ठरवायला फासे आणि मधोमध एक पंच. सेनापतीला रणात जेवढं दिसलं असतं तेवढंच हा पंच खेळाडूला सांगणार. प्रशियाच्या सैन्यानं हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. मघाचा सूत्रधार या पंचाचा वंशज आहे. आणि शिपाई? तो ठोकळ्यात होता. एका ठोकळ्यात शेकडो.

1913 मध्ये एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांचा दिवाणखान्यातला खेळ लिहून काढला, पण तो बाजूला ठेवू. आपल्याला अमेरिकेत जायचं आहे. 1969 च्या सुमारास मिनेसोटात डेव्हिड वेसली नावाच्या तरुणानं नेपोलियनच्या काळातल्या लढाईचा खेळ मांडला. त्यात सैन्यांबरोबर त्यानं एका काल्पनिक जर्मन गावातली माणसंही खेळाडूंना वाटून दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी विद्यापीठाचा कुलपती. सैन्यं राहिली बाजूला आणि खेळाडू या माणसांतच रंगून गेले. त्यांतले एक डेव्ह अर्नेसन. हीच कल्पना त्यांनी किल्ल्यांच्या आणि राक्षसांच्या जगात नेली.

तिकडे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्स राहत. विमा कंपनीत नोकरी केलेला माणूस, पुढे चपला-बूटदुरुस्तीवरही त्यांनी दिवस काढले. 1971 मध्ये त्यांनी आणि जेफ पेरन यांनी ‘चेनमेल’ नावाची मध्ययुगीन लढायांची नियमावली काढली. मोठ्या लढाईत एक बाहुली म्हणजे वीस माणसं. पुस्तकाच्या शेवटी जादूगार आणि ड्रॅगन यांची पुरवणी होती. तिच्यात ‘हिरो’ची व्याख्या अशी की तो चार माणसांच्या बरोबरीनं लढतो. त्याला मारायचं तर चार माणसं मरतील इतके घाव एकदम बसले पाहिजेत. ‘सुपरहिरो’ आठ माणसांच्या बरोबरीचा. नायकाचा जीव मोजायचं माप म्हणून शिपायाचा जीव वापरला गेला होता. आपण तांदूळ शेरानं मोजायचो तसा.

1974 मध्ये गायगॅक्स आणि अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्यात चौथ्या पातळीच्या लढवय्याला ‘हिरो’ हीच पदवी होती. पुढच्या, 1970 च्या दशकाअखेरच्या आवृत्तीत सामान्य शिपायाची पातळी चक्क शून्य लिहिलेली आहे. त्याच नियमांत पगाराचा तक्ताही मिळतो. हलक्या पायदळातल्या भाडोत्री शिपायाला महिन्याला एक सुवर्णमुद्रा आणि लांब तलवारीची किंमत पंधरा. म्हणजे सव्वा वर्षाचा पूर्ण पगार साठवल्याशिवाय त्याला नायकासारखी तलवार घेता येत नाही. तक्ता करणाऱ्याच्या मनात असं काही असेल असं मला वाटत नाही. पण तक्ते कधी कधी कर्त्यापेक्षा जास्त बोलतात.

हा दोष एकट्या त्या अमेरिकनांचा नाही. मी अमीर हमजाच्या दास्तानी ऐकत वाढलो. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं त्यांचे 46 खंड काढले होते. त्यांतल्या अमर अय्यारची झोळी, जिच्यात काहीही मावतं, अगदी तशीच या खेळातही आहे. आणि त्या दास्तानीतही लष्करंच्या लष्करं एका वाक्यात गारद होतात. ऐकताना आम्हा पोरांना त्यांतल्या एकाचीही चौकशी करावीशी वाटली नव्हती. बुद्धिबळातल्या प्याद्याला निदान शेवटच्या घरात पोचून वजीर व्हायची सोय आहे.

तरीही या खेळात शिपायासाठी दोन दारं किलकिली ठेवलेली आहेत, आणि मला सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

पहिलं दार जुनं. 1981 च्या सोप्या नियमावलीत धैर्याचा आकडा आहे, दोनपासून बारापर्यंत. टोळीतला पहिला माणूस पडला की आणि अर्धी टोळी पडली की सूत्रधारानं साधे दोन फासे टाकायचे. दान आकड्याहून जास्त आलं की उरलेले पळतात किंवा शरण येतात. धैर्य 8 असेल तर दर वेळी छत्तीसपैकी दहा शक्यता शहाणपणाच्या बाजूनं असतात. कारण साधं आहे, महिना एका मुद्रेसाठी कोण मरेल? मुळात हा नियम सैन्याच्या खेळांतून आलेला. सेनापतींना ठाऊक असतं की फौजा शेवटच्या माणसापर्यंत लढत नाहीत. 2000 च्या आवृत्तीत हा आकडा गळला. 2014 मध्ये तसा नियम परत आला तो ऐच्छिक म्हणून, सूत्रधाराच्या पुस्तकात मागे कुठेतरी. माझ्या मते खेळाचं यात नुकसान झालं. शिपाई पळतच नाही असं ठरलं की त्याला मारण्यावाचून दुसरं काही उरत नाही.

दुसरं दार 2014 च्या नियमांतलं. नायकाचा जीव शून्यावर आला तरी तो लगेच मरत नाही. दर पाळीला वीस पैलूंचा फासा टाकायचा. दहा किंवा जास्त आलं तर जगण्याकडे एक पाऊल, कमी आलं तर मरणाकडे. ज्या बाजूला आधी तीन पावलं पडतील तो निकाल. शिपायाला हा फासा सहसा देत नाहीत, तो शून्यावर आला की गेला. पण तिथेच एक लहान कलम आहे. हातातल्या शस्त्रानं शेवटचा घाव घालणाऱ्यानं ठरवलं, तर समोरचा मरत नाही, नुसता बेशुद्ध पडतो. वेगळा फासा नाही, दंड नाही, पैसे नाहीत. नुसतं म्हणायचं, ‘मला याला मारायचं नाही.’

हे कलम वापरलेलं मी एकदा पाहिलं. माझा भाचा पुण्यात मित्रांबरोबर हा खेळ खेळतो, त्यात तो सूत्रधार. ‘मामू, तुम्ही नुसते बसा, मध्ये बोलू नका,’ या अटीवर मला खुर्ची मिळाली होती. पुलावर सहा पहारेकरी जकात मागत होते. बोलाचाली झाली आणि तलवारी निघाल्या. दोघे पडले. तिसऱ्याचा जीव दोनावर आला असताना पुजारिणीचं सोंग घेतलेल्या मुलीनं विचारलं, ‘याचं नाव काय रे?’

भाचा अडखळला. त्याच्या कागदावर ‘पहारेकरी 3’ एवढंच लिहिलेलं होतं. मग म्हणाला, ‘टॉबिन. पलीकडच्या गावचा आहे.’

योद्धा झालेल्या मुलानं फासा टेबलावर आपटला. ‘झालं! आता याला मारायची पंचाईत!’

त्याचा पुढचा वार लागला. तलवारीच्या मुठीनं टॉबिनला बेशुद्ध केलं असं त्यानं जाहीर केलं. सहापैकी तीन आडवे झाले होते. भाच्यानं पडद्याआड दोन फासे टाकले. नऊ. उरलेल्या तिघांनी भाले खाली ठेवले.

मला वाटलं, संपलं. पण चार कैद्यांचं करायचं काय, हा प्रश्न निघाला. सोडलं तर ते किल्ल्यावर वर्दी देणार. बांधून ठेवलं तर रात्री लांडगे येणार. बरोबर न्यायचं तर खायला घालावं लागणार. जादूगारानं पुस्तक उघडून एका दिवसाच्या शिधेचा भाव काढला. माणशी पाच रौप्यमुद्रा, चौघांच्या वीस. दोरखंड पन्नास फुटांचा एकच. लढाईला वीस मिनिटं लागली होती. या वादाला तास झाला. बहिणीनं जेवायला दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा टॉबिनला शुद्धीवर आणून गावाचा रस्ता विचारावा की नाही यावर त्यांचं मतदान चाललं होतं.