शुक्रवारानंतरचा रविवार

नाताळ सर्वांना ठाऊक असतो. पण ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचा पाया नाताळात नाही, ईस्टरमध्ये आहे. एका रिकाम्या कबरेच्या कथेने असंख्य दुःखी घरांना आजवर कोणता आधार दिला?

बंगळूरच्या होसूर-सर्जापूर रोडच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ज्या वसाहतीचे नाव पडले, ती एचएसआर लेआउट म्हणजे एक छोटा भारतच आहे. आगरा तलावाच्या कडेने वाढलेल्या या वस्तीत नोकरीच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली आहेत. एकाच जिन्यावर नागपूरचे मराठी कुटुंब, समोर केरळचे ख्रिस्ती कुटुंब आणि वरच्या मजल्यावर मंगळूरचे कोकणी बोलणारे कॅथलिक आजी-आजोबा असणे इथे नवलाचे नाही. दिवाळीचा फराळ समोरच्या घरी जातो, नाताळात केक या घरी येतो. नाताळाच्या शुभेच्छा कशा द्यायच्या हे सर्वांना ठाऊक असते. घोटाळा होतो तो मार्च-एप्रिलमध्ये. सुटीचा दिवस पाहून कुणीतरी उत्साहाने सोसायटीच्या ग्रुपवर 'हॅपी गुड फ्रायडे' असा संदेश टाकतो आणि समोरच्या घरातली माणसे काय उत्तर द्यावे या संकोचात पडतात. कारण तो दिवस शोकाचा असतो. त्या दिवशी ख्रिस्ती माणसे उपवास करतात आणि चर्चमध्ये येशूच्या मरणाच्या कथेचे वाचन होते.

आनंदाचा दिवस दोन दिवसांनी, रविवारी येतो. २१ मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र समान होतात. त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, असा नियम इ. स. ३२५ मधील निकिया येथील धर्मपरिषदेच्या काळापासून चालत आला आहे. म्हणून हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात कधीही येतो. मराठी ख्रिस्ती बांधव त्याला 'पुनरुत्थानाचा सण' म्हणतात. त्या पहाटे ते एकमेकांना सांगतात की ख्रिस्त उठला आहे, आणि ऐकणारा म्हणतो की होय, खरोखरच उठला आहे.

पुनर्जन्म नव्हे, पुनरुत्थान

मराठी वाचकाला इथे एक शंका हमखास येते. हा पुनर्जन्मच झाला की! पण दोन्ही कल्पना वेगळ्या आहेत. पुनर्जन्मात आत्मा जुने शरीर टाकून नवे घेतो, जुन्या जन्माची ओळख पुसली जाते. पुनरुत्थानात तोच माणूस, त्याच नावाने, त्याच ओळखीने मरणावर मात करून उभा राहतो. हे नुसते जिवंत होणेही नव्हे. शुभवर्तमानात लाजर नावाच्या मित्राला येशू कबरेतून परत बोलावतो, अशी कथा आहे. पण लाजर पुढे केव्हातरी पुन्हा मरणारच होता. येशूचे उठणे मात्र मरणाच्या पलीकडचे आहे, असे ख्रिस्ती धर्म मानतो.

ही श्रद्धा बाजूला काढली तर काय उरते? पहिल्या शतकात संत पौलाने करिंथ शहरातील मंडळीला लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर अगदी रोखठोक दिले आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेश पोकळ आहे, आपली श्रद्धा व्यर्थ आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. हा पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा होता. त्याच पत्रात त्याने पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला आहे. दाणा जमिनीत जातो तेव्हा तो संपला असे वाटते, पण वर येते ते रोप दाण्याहून वेगळे आणि तरी त्याचेच असते. शेतकऱ्याच्या घरात हा दाखला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

चार माणसे, चार दुःखे

पण या कथेचे खरे मर्म समजते ते तत्त्वज्ञानातून नव्हे, तर तिच्यातल्या माणसांकडे पाहिल्यावर. उठलेला ख्रिस्त राजवाड्यात गेला नाही. त्याला शिक्षा देणाऱ्या पिलातासमोर उभे राहून त्याने सूड घेतला नाही. तो गेला आपल्या मोडून पडलेल्या माणसांकडे.

पहिली होती मरिया मग्दालिया. ती कबरेपाशी रडत उभी होती. समोर आलेल्या येशूला ती माळी समजली. त्याने तिला नावाने हाक मारली आणि त्या एका हाकेने तिने त्याला ओळखले. त्या काळात न्यायासनापुढे स्त्रीच्या साक्षीला फारसे वजन नसे. तरीही ही सर्वांत मोठी बातमी शिष्यांकडे नेण्याचे काम एका स्त्रीवर सोपवले गेले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरे, अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे. सगळ्या आशा धुळीला मिळाल्या म्हणून ते यरुशलेम सोडून चालले होते. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत आला. संध्याकाळ झाली तेव्हा त्यांनी त्याला आग्रहाने थांबवून घेतले. जेवणाच्या वेळी त्याने भाकर मोडली आणि त्यांचे डोळे उघडले. निराश मनानेही त्यांनी पाहुण्याला जेवायला थांबवले नसते, तर ही ओळख कधी पटलीच नसती.

तिसरा थोमा. इतरांनी कितीही सांगितले तरी जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणाला. त्याला कुणी बाहेर काढले नाही. येशूने त्याच्यापुढे हात केले. हाच थोमा इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि चेन्नईच्या मैलापूर भागात त्याला मरण आले, अशी दक्षिणेतील ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. एचएसआर लेआउटमधील अनेक केरळी कुटुंबे आपल्या धर्माचे मूळ याच शंकेखोर शिष्याशी जोडतात.

चौथा पेत्र. अटकेच्या रात्री भीतीपोटी त्याने तीनदा सांगितले होते की, मी येशूला ओळखत नाही. ती खंत घेऊन तो पुन्हा मासेमारीला गेला. पहाटे किनाऱ्यावर येशू निखाऱ्यांवर मासे भाजत बसला होता. त्याने सर्वांना न्याहारीला बोलावले आणि मग पेत्राला तीनदा एकच विचारले, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? जितक्या वेळा नाकारले, तितक्याच वेळा होकार देण्याची संधी दिली. त्यानंतर त्याला कामाला लावले.

शोक, निराशा, शंका आणि अपराधाची बोच. प्रत्येक घरात यांपैकी एक तरी असतेच. या चारही कथांमध्ये दुःख नव्हतेच असे कुणी म्हणत नाही. उठलेल्या येशूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण तसेच होते. जखम राहते, पण शेवटचा शब्द जखमेचा नसतो. ईस्टरचा अर्थ एका वाक्यात सांगायचा तर तो हाच.

गंगामूळ ते केडगाव

हा अर्थ जगून दाखवणारी एक स्त्री याच कर्नाटकाच्या भूमीत जन्मली आणि महाराष्ट्राची झाली. पंडिता रमाबाई. २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना लोकांचा विरोध सहन करावा लागला होता. आईने तीच विद्या रमाबाईंना दिली. पुढे मद्रास इलाख्यातील भीषण दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण यांचे काही महिन्यांच्या अंतराने निधन झाले. उरलेली दोन भावंडे शेकडो मैल पायी हिंडली. कलकत्त्याला रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव होऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. पण १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांनाही नेले. तेव्हा रमाबाईंचे वय होते अवघे २३. कडेवर वर्षाचीही न झालेली मनोरमा होती.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या निर्णयावर महाराष्ट्रात मोठे वादळ उठले आणि तो वाद अनेक वर्षे धुमसत राहिला. पण त्यांच्या कामाचे मोल विरोधकांनाही नाकारता आले नाही. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी 'शारदा सदन' सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने खंगलेल्या शेकडो मुली व बालविधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगाव येथे 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या सुमारास तिथे सुमारे १,५०० जणी राहत होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, विणकाम, शेती आणि छपाई शिकल्या. ज्यांचे आयुष्य संपले असे समाजाने ठरवून टाकले होते, त्या बायका छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. पुनरुत्थान म्हणजे काय, हे त्या मुलींना पोथीतून शिकवण्याची गरज उरली नव्हती.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात रमाबाईंनी एक मोठे काम हाती घेतले होते. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर करायचे, तेही खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या भाषेत. काम चालू असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्यावर 'मुक्ती'चा भार सोपवायचा, ती एकुलती एक मुलगी. आई-वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता लेक. ६३ वर्षांच्या त्या आईने त्या वेळी लेखणी खाली ठेवली असती, तर कुणी नाव ठेवले नसते. पण त्यांनी ती ठेवली नाही. भाषांतर पूर्ण झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. त्या वर्षीचा ईस्टर अवघ्या अकरा दिवसांवर, १६ एप्रिलला होता.

श्रद्धेने त्यांचे दुःख हलके झाले असेल की नाही, हे बाहेरच्या माणसाने सांगू नये. पण मरणाला शेवटचा शब्द न मानणारी व्यक्ती उरलेल्या दिवसांचे काय करते, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. ती काम करत राहते.

झोपण्याची जागा

एचएसआर लेआउटच्या नावात जो होसूर रोड आहे, त्याच रस्त्यावर शहराच्या बाजूला ख्रिस्ती लोकांची जुनी दफनभूमी आहे. दफनभूमीला इंग्रजीत 'सिमेट्री' म्हणतात. हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ आहे 'झोपण्याची जागा'. झोपलेला माणूस सकाळी उठतो, म्हणून पहिल्या ख्रिस्ती लोकांनी स्मशानाला हा शब्द वापरला. १७३२ मध्ये जर्मनीतील हेर्नहूट गावातल्या तरुणांनी तर ईस्टरच्या पहाटे दफनभूमीतच जाऊन सूर्योदयाबरोबर भजने गायिली. तिथून पहाटेच्या उपासनेची प्रथा जगभर पसरली.

कॅथलिक चर्चमध्ये आदल्या रात्री सगळे दिवे मालवतात. बाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात आणि ती अंधाऱ्या चर्चमध्ये आणली जाते. तिच्यावरून पहिली मेणबत्ती लागते, तिच्यावरून शेजाऱ्याची आणि पाहता पाहता सारे चर्च उजळते. दिव्याने दिवा लावण्याची रीत आपल्याकडे परकी नाही, त्यामुळे हे दृश्य कोणत्याही मराठी माणसाला आपलेच वाटावे.

मात्र हा उजेड चर्चपुरता राहिला तर सणाचा अर्थ अर्धाच समजला, असे म्हणावे लागेल. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्याने मरणाची सारी छोटी रूपेही ओळखायला हवीत. नोकरी गेल्यावर तोंड लपवणारा तरुण, परक्या शहरात मुलाकडे आलेली आणि भाषा न कळल्याने दिवसभर गप्प बसणारी आई, वर्षानुवर्षे बोलणे टाकलेली दोन भावंडे. यांना नावाने हाक मारणे, जेवायला थांबवून घेणे, झालेली चूक पोटात घालून पुन्हा संधी देणे, या चार कथांमध्ये उठलेल्या ख्रिस्ताने केले ते हेच. असे वागायला कोणत्याही धर्माची आडकाठी नाही.

म्हणून पुढच्या वेळी समोरच्या घरी गुड फ्रायडे असेल, तेव्हा शुभेच्छा देऊ नयेत. त्या दिवशी जिन्यात आवाज थोडा कमी ठेवला तरी पुरे. रविवारी सकाळी मात्र जरूर दार वाजवावे. त्या घरात मोठ्या उपवासानंतरचा स्वयंपाक चालू असेल, अप्पम आणि स्ट्यूचा वास दरवळत असेल. आत बोलावतील तेव्हा नाही म्हणू नये.