लिपिक-भरतीचे तर्कप्रश्न आणि मराठी वाक्याचा अर्थ

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या लिपिक-भरतीसाठी जी सामाईक परीक्षा मुंबईची आयबीपीएस ही संस्था २०११ सालापासून घेत आली आहे, तीत तर्कशक्तीच्या प्रश्नांना अंकगणिताच्या बरोबरीचे स्थान आहे. प्राथमिक परीक्षेतील १०० प्रश्नांपैकी ३५ प्रश्न या विभागाचे असतात आणि त्यांसाठी २० मिनिटे मिळतात. प्रारंभीची अनेक वर्षे हे प्रश्न इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांतून विचारले जात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने १२ सार्वजनिक बँकांच्या लिपिक-भरतीच्या प्राथमिक व मुख्य या दोन्ही परीक्षा १३ प्रादेशिक भाषांतूनही घेण्याची शिफारस केली, आणि त्या तेरांमध्ये मराठी होती. तेव्हापासून मराठी उमेदवाराचा या प्रश्नांचा सराव मराठीतून होऊ लागला. परंतु सरावाची पुस्तके पाहिली, तर त्यांत प्रश्नांचे प्रकार, आकृत्या आणि वेग वाढविण्याच्या युक्त्या यांचीच चर्चा आढळते. ज्या वाक्यांवरून अनुमान करावयाचे, त्या वाक्यांचा मराठीत नेमका अर्थ काय, हा प्रश्न क्वचितच उपस्थित केला जातो. वस्तुतः उमेदवाराच्या चुकांचा मोठा भाग तर्कातील नसून वाक्यार्थातील असतो, हे प्रस्तुत विवेचनात दाखवावयाचे आहे.

प्रथम या चुकीची किंमत पाहू. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात, बरोबर उत्तरास एक गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. कोणी प्रश्न न वाचता केवळ नशिबावर हवाला ठेवून उत्तरे दिली, तर पाचांत सरासरी एक उत्तर बरोबर व चार चूक येतील, म्हणजे मिळालेला एक गुण आणि गेलेला एक गुण यांची वजाबाकी शून्य होईल. आंधळ्या उत्तराने सरासरीत काहीच मिळत नाही, पण काही जातही नाही. याउलट, जो उमेदवार प्रश्न वाचतो, परंतु त्यातील एखाद्या शब्दाचा ठराविक तऱ्हेने भलता अर्थ घेतो, तो त्या जातीचा प्रत्येक प्रश्न चुकतो आणि दर वेळी पाव गुण गमावतो. त्याची स्थिती न वाचणाऱ्याहून वाईट होते. शिवाय सरावाने ही चूक सुटत नाही. शंभर प्रश्न त्याच समजुतीने सोडविले, तर ती समजूत अधिकच पक्की होते.

अशा शब्दांत पहिला मान ‘काही’ या शब्दाचा. ‘काही वह्या दिवे आहेत’ हे विधान दिले आहे आणि निष्कर्ष दिला आहे, ‘काही वह्या दिवे नाहीत’. बहुसंख्य नवशिके हा निष्कर्ष बरोबर धरतात. यात त्यांचा दोष नाही. ‘काही मुले उत्तीर्ण झाली’ असे शिक्षकाने म्हटले, तर पालक काय समजतो? उरलेली अनुत्तीर्ण झाली, असेच. सर्व उत्तीर्ण झाली असती, तर शिक्षकाने ‘सर्व’ म्हटले असते. ज्याअर्थी म्हटले नाही, त्याअर्थी तसे नाही. तर्कशास्त्रातील ‘काही’ मात्र एवढेच सांगते की निदान एक तरी आहे. उरलेल्यांविषयी ते मुके आहे. म्हणूनच ‘सर्व दिवे डोंगर आहेत’ यावरून ‘काही दिवे डोंगर आहेत’ हा निष्कर्ष तेथे निर्विवाद बरोबर ठरतो, जरी व्यवहारात तो ऐकणाऱ्यास विपरीत वाटला तरी.

व्यवहारातील हा अधिक अर्थ शब्दाचा नव्हे, बोलण्याच्या रीतीचा आहे, ही गोष्ट पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९६७ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत मांडली. श्रोता असे गृहीत धरतो की बोलणारा आवश्यक तेवढी माहिती देत आहे, आणि या गृहीतावरून तो न बोललेले जाणतो. आपल्याकडील परिभाषेत सांगावयाचे, तर ‘निदान एक’ हा अभिधेचा भाग आणि ‘सर्व नव्हेत’ हा सूचित अर्थ. मीमांसकांना हा व्यापार अपरिचित नव्हता. पाच नखांचे अमुक पाच प्राणी भक्ष्य आहेत असे म्हटले की इतर प्राणी वर्ज्य ठरतात, या त्यांच्या परिसंख्येच्या प्रसिद्ध उदाहरणातही सांगितलेल्यावरून न सांगितलेल्याचा निषेध घेतला आहे. सूचित अर्थ घेणे हे भाषेवरील प्रभुत्वाचे लक्षण आहे. इरा नोव्हेक या संशोधकाने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, काही जिराफांची मान लांब असते अशा तऱ्हेची वाक्ये फ्रेंच मुलांनी व प्रौढांनी तपासली; सात-आठ वर्षांच्या मुलांनी ती प्रौढांपेक्षा किती तरी अधिक प्रमाणात मान्य केली. वय वाढते, तसे माणूस ‘काही’मध्ये अधिक ऐकू लागतो. परीक्षा मात्र त्याला पुन्हा लहान मुलाप्रमाणे ऐकावयास सांगते.

गंमत अशी की परीक्षकांनीच हा सूचित अर्थ दुसऱ्या दाराने आत घेतला आहे. अलीकडच्या वर्षांत ‘फक्त काही वह्या दिवे आहेत’ अशी विधाने रूढ झाली आहेत. त्यांचा संकेत असा की काही वह्या दिवे आहेत आणि काही नाहीत. त्यामुळे ‘सर्व वह्या दिवे असण्याची शक्यता आहे’ हा निष्कर्ष नुसत्या ‘काही’नंतर बरोबर आणि ‘फक्त काही’नंतर चूक ठरतो. साध्या मराठी कानाला या दोन विधानांत विशेष अंतर जाणवत नाही. परीक्षेत पूर्ण गुणाचे अंतर आहे.

‘शक्यता’ हा शब्दही सरळ नाही. ‘आज पावसाची शक्यता आहे’ असे ऐकून माणूस छत्री घेतो, म्हणजे तो संभव बराच आहे असे समजतो. प्रश्नपत्रिकेत ‘शक्यता आहे’ याचा अर्थ ‘दिलेल्या विधानांशी विरोध येत नाही’ एवढाच. ‘सर्व वह्या दिवे असू शकतील’ अशी रचना येथे अधिक निर्दोष ठरली असती. पण रूढी पडली आहे, आणि उमेदवाराला रूढीप्रमाणेच वाचले पाहिजे.

नकाराच्या बाबतीत मराठीची स्वतःची अशी अडचण आहे. ‘सर्व पाहुणे आले नाहीत’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: एकही आला नाही, किंवा आले ते सगळे नव्हेत. बोलताना आघाताने व संदर्भाने निवाडा होतो. छापील वाक्यात आघात नसतो. म्हणून चांगला प्रश्नकर्ता पहिल्या अर्थी ‘एकही वही दिवा नाही’ अशी रचना करतो व दुसऱ्या अर्थी ‘काही वह्या दिवे नाहीत’ अशी. परंतु येथे ‘काही’ पुन्हा आडवे येते. मराठीत हा शब्द संख्येचा वाचक आहे, तसाच नकाराला जोर देणारा निपातही आहे: ‘मी काही येणार नाही’, ‘तो काही वाईट माणूस नाही’. आता ‘काही वह्या दिवे नाहीत’ आणि ‘वह्या काही दिवे नाहीत’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. शब्द तेच आहेत, एकाने जागा बदलली एवढेच. पहिल्यात निदान एका वहीबद्दल नकार आहे. दुसऱ्यात वही म्हणून जी आहे तिचे दिवेपण ठासून नाकारले आहे, म्हणजे जवळजवळ ‘एकही वही दिवा नाही’ असेच म्हटले आहे. वेगाने वाचणाऱ्याच्या मनात शब्दांची अशी अदलाबदल सहज होते. एका प्रश्नास सरासरी ३४ सेकंद मिळत असताना तर ती अधिकच होते.

वह्या, दिवे आणि डोंगर अशी विसंगत नामे का निवडतात, हेही समजून घेतले पाहिजे. अनुभवाची मदत मिळू नये, केवळ वाक्याच्या रूपावरून उत्तर काढावे, हा तीमागील हेतू. असे वाचन ही शाळेत कमावलेली सवय आहे. आलेक्सांद्र लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ साली उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांना विचारले होते की अतिउत्तरेस बर्फाच्या प्रदेशात सर्व अस्वले पांढरी असतात, नोवाया झेम्ल्या हे बेट अतिउत्तरेस आहे, तर तेथील अस्वलांचा रंग कोणता? आपण तेथे गेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीविषयी आपण बोलत नाही, अशा आशयाची उत्तरे अनेकांनी दिली. या माणसांना तर्क येत नव्हता असे नव्हे. ऐकलेल्या वाक्याला पाहिलेल्या गोष्टीचे मोल देणे त्यांना मान्य नव्हते.

ज्याला परिवर्तनदोष म्हणतात, त्याविषयी मात्र फार लिहावयास नको. ‘सर्व दिवे डोंगर आहेत’ यावरून ‘सर्व डोंगर दिवे आहेत’ असे निघत नाही. आपल्या न्यायशास्त्रात याचे उत्तम उदाहरण आहे: जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती खरी, पण जेथे अग्नी तेथे धूर ही खोटी, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. ‘तर्कसंग्रहा’तील हा गोळा एकदा ध्यानात राहिला, तर वर्तुळांच्या आकृत्या काढण्याचे निम्मे काम वाचते.

नातेसंबंधांचे प्रश्न हा या विभागातील सर्वांत रोचक भाग होय, कारण तेथे भाषांतरातच प्रश्न बदलतो. इंग्रजीतील ‘अंकल’ या शब्दात बापाचा भाऊ, आईचा भाऊ, आत्याचा नवरा आणि मावशीचा नवरा हे सर्व लपून बसतात. मराठीत काका म्हणावे की मामा, हे ठरविल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही, आणि ठरविले की उत्तराचा अर्धा भाग उघड होतो. ‘कझिन’ याचे मराठी करताना चुलत, मामे, आते, मावस यांपैकी एक निवडावे लागते, वर भाऊ की बहीण हेही सांगावे लागते. ‘ब्रदर-इन-लॉ’ म्हणजे दीर, मेहुणा की साडू? उलट प्रकारही आहेत. हिंदीत दादी व नानी वेगळ्या. मराठीत दोघी आजीच. तेव्हा हिंदी वाचणाऱ्या उमेदवारास जी माहिती एका शब्दात मिळते, ती मराठी वाचणाऱ्यास शोधून काढावी लागते. एकच प्रश्न तीन भाषांत छापला म्हणून तो तिन्ही भाषांत एकच राहतो, असे समजण्याचे कारण नाही. आणि गुणवत्ता-यादी तर एकाच गुणसंख्येवर लागते.

लिंगाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ‘क हा ख चा भाऊ आहे’ यात ‘हा’ने क चे पुरुषत्व सांगितले, पण ख विषयी काहीच सांगितले नाही, ‘चा’ हा प्रत्यय भावाशी जुळला आहे, ख शी नव्हे. हे न जाणल्याने ‘ख चा’ वाचताच ख पुरुष आहे असे धरून बसणारे उमेदवार आढळतात. ‘तिचा भाचा’ या दोन शब्दांत मात्र दोन्ही व्यक्तींची लिंगे कळतात: एकीचे सर्वनामाच्या अंगाने, दुसऱ्याचे प्रत्ययाने. जेथे लिंग गुप्त ठेवावयाचे असते, तेथे मराठीपाशी हिंदीत नसलेले एक साधन आहे, ते म्हणजे नपुंसकलिंग. ‘क हे ख चे अपत्य आहे’, ‘ग हे क चे भावंड आहे’ या वाक्यांतून काहीही फुटत नाही. ‘क चा विवाह ख शी झाला आहे’ हेही तसेच सुरक्षित आहे. परंतु पुष्कळदा ‘क ही व्यक्ती ख च्या शेजारी बसली आहे’ अशी रचना केलेली असते. ‘ही’ आणि ‘बसली’ ही रूपे व्यक्ती या स्त्रीलिंगी शब्दाची आहेत. त्यांवरून क ही स्त्री ठरत नाही. घाईत असलेला वाचक तिला स्त्री ठरवून मोकळा होतो आणि पुढची सगळी वंशावळ बिघडते.

बैठकव्यवस्थेच्या प्रश्नांत एका प्रत्ययावर सर्व भिस्त असते. ‘उजवीकडून तिसरा’ म्हणजे रांगेच्या उजव्या टोकापासून मोजलेला. ‘ख च्या उजवीकडे तिसरा’ म्हणजे ख पासून मोजलेला. इंग्रजी वाक्याच्या क्रमाने ‘क हा बसला आहे तिसरा उजवीकडे ख च्या’ अशा मोडक्या धाटणीची वाक्ये भाषांतरांत येतात, तेव्हा वाचकाने ती मनात उलटवून ‘ख च्या उजवीकडे तिसरा क’ अशी करावीत. मराठीचा हा स्वाभाविक क्रम आकृती काढणाऱ्या हातालाही सोयीचा आहे, कारण जेथून मोजावयाचे ती जागा त्यात आधी येते.

या सर्वांवरून सरावाची रीत थोडी बदलावी लागेल. बहुतेक उमेदवार चुकलेल्या प्रश्नांची वही प्रकारवार ठेवतात: अनुमान, नातेसंबंध, बैठक. ती शब्दवार ठेवणे अधिक उपयुक्त होईल. ‘काही’ला किती चुका, ‘फक्त’ला किती, ‘एकही’ला किती, ‘कडून’ आणि ‘कडे’ यांत किती, असे पंधरा दिवस लिहून ठेवले की पंधरा-वीस शब्दांपलीकडे ही वही जात नाही असे दिसून येईल. अनुमानाचा निष्कर्ष तपासताना तो खरा वाटतो काय असे न विचारता, विधाने खरी ठेवून तो खोटा पाडता येईल अशी एखादी परिस्थिती रचता येते काय, असे विचारावे. रचता आली, तर निष्कर्ष निघत नाही. ‘काही वह्या दिवे आहेत’ या विधानापुढे सगळ्याच वह्या पेटलेल्या आहेत असे एकदा डोळ्यांसमोर आणले, की ‘काही वह्या दिवे नाहीत’ हा निष्कर्ष आपोआप गळून पडतो. हा सराव प्रारंभी घड्याळ बाजूला ठेवून आणि वाक्ये मोठ्याने वाचून करावा. ३४ सेकंदांचा हिशेब शेवटच्या महिन्यात घातला तरी चालतो.