शटी कोणती? कपूरकाचरी, कचोरा आणि चंद्रमूलिका

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात श्वासहर आणि हिक्कानिग्रहण या दोन्ही दशेमानींत शटीचा समावेश आहे, आणि दोन्ही ठिकाणी ती पुष्करमूलाच्या सान्निध्यात येते. तमकश्वासाच्या रुग्णास शट्यादि चूर्ण लिहून देताना आपल्या मनात हे द्रव्य असते. रुग्णाच्या पुडीत मात्र तेच पडते काय, हा प्रश्न वैद्याइतकाच औषधनिर्मात्याचाही आहे.

या घोटाळ्याचे मूळ बाजारात जितके आहे तितकेच निघंटूंत आहे. भावप्रकाशाच्या कर्पूरादिवर्गात कर्चूर आणि गंधपलाशी ही दोन द्रव्ये स्वतंत्रपणे वर्णिलेली असली, तरी ‘शटी’ हा पर्याय दोघांनाही दिलेला आहे. गुणांत मात्र भेद आहे. कर्चूर कटु-तिक्त, उष्ण व दीपन; गंधपलाशी कषायानुरसाची, ग्राही, लघु, तीक्ष्ण असूनही अनुष्ण, शिवाय मुखमलनाशक. अर्वाचीन द्रव्यगुणग्रंथ शटीस बहुधा उष्णवीर्यच मानतात. पित्तानुबंधी श्वासात आम्हांस निघंटुकारांचा सूक्ष्म भेद अधिक उपयोगी वाटतो.

आयुर्वेदिक फार्माकोपियाने हा वाद व्यवहारापुरता मिटविला आहे. शटी म्हणजे हेडिकियम स्पायकेटम, अर्थात कपूरकाचरी. कर्चूर म्हणजे कर्कुमा झेडोआरिया, अर्थात आपला कचोरा. दोन्ही आर्द्रक कुलातील. पण पहिली आपल्या परसातील सोनटक्क्याची सख्खी बहीण, तर दुसरी हळदीची. कपूरकाचरी हिमालयाच्या मध्यम उंचीच्या उतारांवर वाढते. पुष्करमूलही हिमालयातलेच, म्हणून चरकोक्त शटी हीच असावी, या मताकडे आमचा कल आहे. केरळात मात्र याच नावांखाली कच्चोलम्, म्हणजे चंद्रमूलिका (केम्फेरिया गॅलंगा), वापरण्याची परंपरा आहे. ती परंपरा चुकीची ठरविण्याचे कारण नाही. परंतु तेथील पाठ आणि तेथील अनुभव येथील द्रव्यास जसाच्या तसा लावता येत नाही.

रासायनिक घटक पाहू जाता हा प्रश्न अधिकच बिकट होतो. कपूरकाचरीच्या सुगंधी तेलात १,८-सिनिओल, लिनालूल, युडेस्मॉल आणि इथाइल पॅरा-मिथॉक्सीसिनामेट हे प्रमुख. त्याखेरीज हेडिकिनोन हे डायटर्पीन असून प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचे शोथहर कार्य दिसले आहे. कचोऱ्यात कर्झेरेनोन, कर्क्युमेनॉल, जर्माक्रोन यांसारखी सेस्क्विटर्पीन द्रव्ये व अल्प प्रमाणात कर्क्युमिनवर्गीय रंगद्रव्ये असतात. आता मेख अशी, की इथाइल पॅरा-मिथॉक्सीसिनामेट कचोऱ्यातही आढळते आणि चंद्रमूलिकेत तर ते मुख्य घटकच आहे. त्यामुळे केवळ या एका घटकाचा ठिपका पाहून प्रयोगशाळेने दिलेला ‘शटी – योग्य’ असा अहवाल वनस्पतीची ओळख पटवीत नाही. प्रमाणित नमुन्याशेजारी संपूर्ण थर-वर्णलेखन ताडून पाहणे, हाच त्यावर उपाय.

तो घटक ताजेपणाचीही ग्वाही देत नाही. तो सुमारे ४८ ते ५० अंश सेल्सिअसला वितळतो, परंतु सहजी उडून जात नाही. सिनिओल मात्र बाष्पनशील आहे. पल्व्हरायझर तापू दिला किंवा चूर्ण पोत्यात महिनोन्‌महिने पडून राहिले, की सिनिओल घटतो आणि चाचणी तरीही उत्तीर्ण होते. म्हणूनच आम्ही चकत्या घेऊन गरजेपुरतेच, थांबत थांबत दळावे, हवाबंद ठेवावे, असे सुचवितो. उघड्या भांड्यात दीर्घकाळ क्वाथ उकळण्यापेक्षा चूर्ण, फांट किंवा अखेरीस प्रक्षेप हे मार्ग तेलाच्या दृष्टीने बरे.

सिनिओलबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. २००३ साली जर्मन संशोधकांनी स्टेरॉइडवर अवलंबून असलेल्या ३२ दमारुग्णांवर द्विअंध चाचणी प्रसिद्ध केली. त्यात दररोज ३ वेळा २०० मिलिग्रॅम सिनिओल १२ आठवडे दिला असता प्रेडनिसोलोनची मात्रा ३६ टक्क्यांनी कमी करता आली. नियंत्रण गटात ही घट ७ टक्के होती. निष्कर्ष महत्त्वाचा खरा, पण तो शटीचा नव्हे. शटीचूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम. तेल ४ टक्के धरले, तरी ३ ग्रॅममध्ये ते १२० मिलिग्रॅम. त्यातील निम्मे सिनिओल मानले तर ६० मिलिग्रॅम. चाचणीतील ६०० मिलिग्रॅमच्या दैनिक मात्रेचा हा दहावा हिस्सा. तेव्हा माहितीपत्रकात या चाचणीचा आधार घेऊन शटीस स्टेरॉइडचा पर्याय म्हणणे अशास्त्रीय आहे, आणि त्या भरवशावर रुग्णाने इन्हेलर सोडल्यास प्राणावर बेतू शकते.

खरेदीच्या वेळी काही गोष्टी सहज पाहता येतात. कपूरकाचरीच्या चकत्या आत पांढरट व पिठूळ, कडेला तांबूस-तपकिरी सालीच्या, कापरासारख्या गंधाच्या असतात. कचोऱ्याचा छेद फिकट पिवळसर असतो. चूर्ण असल्यास चिमूटभर मद्यार्कात ढवळून गाळावे व त्यात धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाचे थेंब टाकावेत. लालसर छटा आली तर हळदीच्या कुळीचे काही मिसळले असण्याचा संशय घ्यावा. छटा न आल्याने शुद्धता सिद्ध होत नाही, कारण चंद्रमूलिका या कसोटीस सापडत नाही.

अबीर आणि दिवाळीचे उटणे यांसाठीही कपूरकाचरी खपते. तिकडे गंध पुरेसा असतो, त्यामुळे त्या व्यापाऱ्याकडचा जुना, तेल उडालेला माल औषधासाठी स्वस्त दरात येण्याची शक्यता ध्यानी घ्यावी. मागणीपत्रावर नुसते ‘शटी’ किंवा ‘कचोरा’ न लिहिता वनस्पतिशास्त्रीय नाव, ‘कंदाच्या चकत्या’ हे स्वरूप आणि संग्रहाचे वर्ष लिहावे, व प्रत्येक खेपेचा नमुना फार्मसीत जपून ठेवावा.