फिरत्या चाकाचा जमाखर्च

ऊर्जेची गोष्ट : भाग 7

मागच्या भागात आपण घर्षण पाहिलं. बेअरिंग कितीही चांगलं असलं, त्यात वंगण कितीही घातलं, तरी फिरणारं चाक आपली थोडी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावत राहतं आणि शेवटी थांबतं. त्यावर साहजिक प्रश्न येतो. घर्षण जवळजवळ नाहीसं केलं आणि चाकाची रचनाच अशी केली की त्याची एक बाजू कायम जड राहील, तर ते आपोआप फिरत राहणार नाही का? आणि ते फिरत राहिलं, तर त्याला डायनॅमो जोडून वीज का मिळू नये?

पुण्यात हा प्रश्न कागदावरच राहत नाही. तपकीर गल्लीत मोटार मिळते, बोहरी आळीत बेअरिंग आणि पट्टे मिळतात, जुन्या बाजारात भंगारातलं जड चाक हाती लागतं. सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी प्रयोग करायला एवढं पुरतं. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात लेथवर काम करणारा हात आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठा कापणारा हात, दोघांनाही या चाकाची ओढ वाटते. ही ओढ हसण्यावारी नेऊ नये असं मला मनापासून वाटतं. कारण ती फार जुनी आहे आणि तिचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रातूनच जातो.

ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मधल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त पाऱ्यावर आपोआप फिरणारं चाक सांगितलं आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. त्यातल्या गोलाध्यायाच्या यंत्रप्रकरणात हेच चाक पुन्हा भेटतं. अशा यंत्रांना तिथे 'स्वयंवह' म्हटलं आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवीच्या परिसरातला शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला होता. पुढे छापखान्याच्या काळात पुण्यातल्या आनंदाश्रमाने भास्कराचार्यांचे ग्रंथ टीकांसह छापले. म्हणजे बाराव्या शतकातलं हे चाक अप्पा बळवंत चौकाजवळच्या छापील पोथ्यांमधून आपल्यापर्यंत आलं.

त्याची रचना अशी. हलक्या लाकडाचं चाक घ्यायचं. त्याच्या आऱ्या पोकळ, सारख्या आकाराच्या, सारख्या अंतरावर आणि सगळ्या एकाच बाजूला किंचित वळवलेल्या. प्रत्येक आरी पाऱ्याने अर्धी भरून तोंड बंद करायचं आणि चाक दोन आधारांवर आसाने टेकवायचं. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड. कल्पना अशी की चाकाच्या एका बाजूला पारा परिघाकडे धावेल, दुसऱ्या बाजूला आसाकडे सरकेल, परिघाकडे पारा असलेली बाजू सतत खाली ओढली जाईल आणि चाक फिरत राहील.

कल्पना इतकी देखणी आहे की तिच्यातली चूक चटकन दिसत नाही. चाक फिरवणारा जोर नुसत्या वजनावर ठरत नाही. वजन आणि आसापासूनचं आडवं अंतर यांच्या गुणाकारावर तो ठरतो. परिघाकडे गेलेल्या पाऱ्याचं अंतर जास्त असतं हे खरं. पण आऱ्या वळवल्यामुळे कोणत्याही क्षणी उतरत्या बाजूला पारा कमी आणि चढत्या बाजूला जास्त राहतो. थोडा पारा दूर, पुष्कळ पारा जवळ. दोन्ही गुणाकार मांडून पाहिले की चाकाची अशी एक स्थिती निघते जिथे ते बरोबर सारखे होतात. चाक थोडं डुलतं, त्या स्थितीत येतं आणि थांबतं.

हेच दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. चाकाचा एक फेरा पूर्ण झाला की पाऱ्याचा प्रत्येक थेंब जिथून निघाला तिथेच परत येतो. तो जेवढा खाली आला तेवढाच वर चढला. एक किलो वस्तू एक मीटर खाली आली तर सुमारे 9.8 ज्यूल ऊर्जा मिळते, आणि तीच वर न्यायला तेवढेच 9.8 ज्यूल द्यावे लागतात. वाट सरळ असो, वाकडी असो, आरीतून असो की परिघावरून, या आकड्यात फरक पडत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या खात्यात फेऱ्याअखेर शिल्लक शून्य राहते, आणि घर्षणाचा खर्च वेगळा होतोच. आऱ्यांऐवजी गोळे घ्या, हातोडे घ्या, लोहचुंबक घ्या. चाक मूळ स्थितीला परत आलं की कायमच्या चुंबकाचा हिशेबही असाच शून्यावर येतो.

भास्कराचार्यांना या यंत्राविषयी काय वाटत होतं? त्याच प्रकरणात ते म्हणतात की अशी स्वयंवह यंत्रं कुहकविद्येने, म्हणजे गारुड्याच्या हातचलाखीसारख्या विद्येने होतात. गोलाच्या अभ्यासाशी त्यांचा संबंध नाही, पूर्वीच्यांनी सांगितली म्हणून आपणही सांगितली, असंही ते स्पष्ट करतात. आणि सगळ्या यंत्रांत श्रेष्ठ म्हणून ते 'धीयंत्र' सांगतात, म्हणजे बुद्धी. आपल्या पूर्वजांनी फुकट ऊर्जेचं यंत्र बनवलं होतं, असं या चाकाचा दाखला देऊन सांगणाऱ्यांनी ही ओळही वाचायला हवी.

त्याच प्रकरणात आणखी एक चाक आहे. कुंडातलं पाणी वक्रनळीने, म्हणजे आजच्या भाषेत सायफनने, बाहेर काढायचं आणि चाकाच्या घटांवर पाडायचं. हे चाक खरोखर फिरतं, कुंडात पाणी असेपर्यंत. बाहेरच्या गोष्टीवर अवलंबून असलेल्या स्वयंवह यंत्राला मात्र भास्कराचार्य ग्राम्य ठरवतात. आजच्या विज्ञानाचा कौल उलटा पडतो. ज्या यंत्राला बाहेरून काही मिळतं तेच चालतं, आणि बाहेरून काय मिळतं हे शोधणं म्हणजेच ते यंत्र समजून घेणं.

युरोपात तेराव्या शतकात व्हिलार द ऑनकूर याने हातोडे लावलेल्या अशाच चाकाचं चित्र काढलं. कल्पना भारतातून अरबांमार्फत तिकडे गेली, असं काही इतिहासकार मानतात. लिओनार्दो दा विंचीने अशी चाकं रेखाटली आणि ती का चालणार नाहीत हेही लिहून ठेवलं. 1586 मध्ये सिमोन स्टेविनने या अशक्यतेचाच उपयोग केला. मण्यांची साखळी दोन उतरणींवर टाकली तर ती आपोआप कायम फिरत राहणार नाही, एवढं गृहीत धरून त्याने उतरणीवरच्या वजनांचा नियम सिद्ध केला. 1775 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने अशा यंत्रांचे प्रस्ताव तपासणं बंद केलं. आणि 1840 च्या दशकात मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांच्या कामातून ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम उभा राहिला. कायम चालणारं यंत्र बनत नाही, हा शतकानुशतकांचा अनुभव हेल्महोल्ट्झच्या 1847 च्या मांडणीचा एक पाया होता. फसलेल्या चाकांनी विज्ञानाला दिलेली ही देणगी लहान नाही.

आता आजच्या चाकाकडे वळू. आपल्याकडे सध्या सर्वात जास्त बनवला जातो तो फ्लायव्हील जनरेटर. मोटारीने जड चाक फिरवायचं, चाकाच्या पट्ट्यावर अल्टरनेटर चालवायचा आणि त्याच्या विजेवर मोटार चालू ठेवून उरलेल्या विजेवर घर चालवायचं. मोटार 80 टक्के कार्यक्षम, पट्टे 95 टक्के आणि अल्टरनेटर 80 टक्के धरला, तर मोटारीला दिलेल्या 100 युनिटांतले सुमारे 61 परत मिळतात. मोटार स्वतः 100 मागते. उरलेलं सोडाच, 39 कमी पडतात.

मग मुख्य स्विच बंद केल्यावरही बल्ब चालू राहताना दिसतो तो कसा? 50 किलोचं, 30 सेंटिमीटर त्रिज्येचं भरीव चाक मिनिटाला 600 फेरे घेत असेल, तर त्यात सुमारे 4,400 ज्यूल ऊर्जा साठलेली असते. सगळी जरी वीज होऊन आली तरी 100 वॉटचा बल्ब तिच्यावर 44 सेकंद चालेल. दाखवणाऱ्याची नियत साफ असली तरी पाहणाऱ्याला त्या 44 सेकंदांत चमत्कार दिसतो. प्रत्यक्षात ती ऊर्जा आधी मोटारीनेच चाकात भरलेली असते.

वरच्या टाकीतलं पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचं आणि त्याच विजेवर पंपाने पाणी पुन्हा वर चढवायचं, ही दुसरी आवडती कल्पना. सह्याद्रीत ती प्रचंड प्रमाणावर उभी आहे. घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प 250 मेगावॉटचा. वरचा जलाशय घाटमाथ्यावर, खालचा कोकणात, मध्ये चारशे मीटरहून अधिक उतार. 400 मीटर खाली येणाऱ्या एक टन पाण्यात साधारण एक युनिट वीज असते. जगभरातल्या अशा प्रकल्पांत पाणी चढवायला लागलेल्या विजेपैकी साधारण 70 ते 80 टक्के परत मिळते. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात तोटाच. तरीही तो प्रकल्प शहाणपणाचा आहे, कारण मागणी कमी असताना उरलेली वीज तो पाण्याच्या रूपात साठवतो आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी परत देतो. त्याचं काम साठवण्याचं आहे. उत्तम अभियंते आणि अवाढव्य यंत्रं हाताशी असून जिथे 100 चे 101 होत नाहीत, तिथे घरच्या टाकीवर ते होणार नाहीत.

कायद्याचंही इथे स्पष्ट म्हणणं आहे. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यातलं कलम 3 चं पहिलंच उपकलम सांगतं की प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणारा दावा हा शोध धरला जात नाही. कायम चालणारं यंत्र हे त्याचं नेहमीचं उदाहरण. म्हणून 'पेटंट मिळणार आहे' असं सांगत कोणी अशा यंत्रासाठी पैसे मागितले, तर हात आखडलेला बरा.

आणि ज्याला स्वतः बनवून पाहायचं आहे, त्याने जरूर बनवावं. फक्त तीन गोष्टी कराव्यात. पहिली, यंत्राभोवती मनातल्या मनात कुंपण घालून त्याच्या आत काय येतं आणि बाहेर काय जातं याची यादी करावी. सूर्यप्रकाश, वारा, हवेच्या दाबातला बदल, आधीच फिरवून दिलेला वेग, सगळं त्यात यावं. 1760 च्या दशकात लंडनच्या जेम्स कॉक्सने बनवलेलं घड्याळ किल्लीशिवाय चालत असे, कारण वातावरणाच्या दाबातल्या चढउताराने त्यातला पारा हलत असे. दुसरी, आत येणारी आणि बाहेर जाणारी शक्ती खऱ्या वॉटमीटरने मोजावी. नुसता व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार एसी विजेत फसवतो, कारण त्यात पॉवर फॅक्टर धरलेला नसतो. भार न जोडता दिसलेले व्होल्ट तर काहीच सिद्ध करत नाहीत. तिसरी, बाहेर येणारी वीजच आत द्यावी, प्लग काढावा, यंत्रावर भार ठेवावा आणि ते किती वेळ चालतं ते लिहून ठेवावं.

ज्या मुलाने ही तीन कामं नीट केली, त्याचं चाक थांबेल, पण त्याच्या वहीत कार्यक्षमतेचा खरा आकडा असेल. तो 61 वरून 68 वर न्यायचा कसा, हा प्रश्न कारखान्यांनाही पडतो आणि त्याला उत्तरं आहेत. शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे की असं चाक घेऊन कोणी आलं तर 'हे अशक्य आहे' एवढंच सांगून त्याला परत पाठवू नका. त्याच्या हाती मीटर द्या.

पुढच्या भागात : आपल्याभोवतीच्या हवेत उष्णतेची ऊर्जा भरपूर आहे. तीच शोषून इंजिन चालवलं तर अक्षय्यतेचा नियम मोडत नाही. तरीही तसं इंजिन का बनत नाही, हे ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमासह पाहू.