तेरणेच्या कांठानें

आमच्या तेरखेड्यानजीक बालाघाटाच्या डोंगरांत तेरणा नदी उगम पावते. जन्मभर तिच्या उशाशीं राहूनहि ती पुढें कशी जाते हें आम्हीं पाहिलें नव्हतें. म्हणून एका हिवाळ्यांत आम्ही चौघे स्नेही भाड्याच्या जीपगाडींतून निघालों. येडशीपर्यंतचा रस्ता गुळगुळीत. त्याविषयीं सांगण्यासारखें कांहीं नाहीं.

तेर येथें मात्र अर्धा दिवस गेला. गोरोबाकाकांचें हें गांव. प्राचीन 'तगर' नगर तें हेंच, असें फ्लीट या विद्वानानें १९०१ सालीं प्रतिपादिलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत तें पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलें असून तेथील कापड भडोच बंदरास जात असे. तेथील लामतुरे संग्रहालयांत एक इवलीशी हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. तिच्याच वळणाची मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई नगरींत सांपडली. ती नगरी इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडली गेली होती.

परंतु मला अधिक कौतुक वाटलें तें विटांचें. त्रिविक्रमाचें पुरातन मंदिर विटांचेंच आहे. आणि तेरच्या जुन्या विटांपैकीं कांहीं इतक्या हलक्या, कीं पाण्यावर तरंगतात. मातींत तूस कालवून वीट भाजली म्हणजे तूस जळून जातें व त्या जागीं पोकळी राहते.

पुढें माकणीचें धरण पाहून आम्ही सास्तूर व किल्लारी या बाजूस वळलों. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं येथें भूकंप झाला व हजारों माणसें झोंपेंतच गेलीं. दख्खनचें पठार अचल, अशीच तोंवर समजूत होती. भूकंपाच्या नकाशांत हा भाग अगदीं खालच्या वर्गांत होता. धक्का जमिनीखालीं फार खोल नव्हता, म्हणून तो अधिक जाणवला. तथापि माणसें मेलीं तीं मुख्यतः घरांखालीं. रुंद दगडी भिंत, दगडांमध्यें चुन्याऐवजीं चिखल, आणि वर मातीचें जड माळवद, अशी आपल्याकडील जुनी रचना. भिंतीचा आंतला व बाहेरला थर सांधणारा आरपार दगड बहुधा नसे. हादरा बसतांच दोन्ही थर सुटले व वरचा भार खालीं आला. जेथें छप्पर भिंतीवर न टेकतां लांकडी खांबांवर तोललेलें होतें, तेथें पुष्कळदां तें तगलें. उन्हाळ्यांत गारवा देणारें माळवद असें वैरी ठरावें, ही गोष्ट मनास फार लागते.

आमच्यापैकीं एकजण त्या काळीं याच भागांत शिक्षक होते. शाळा पुन्हां भरल्यावर हजेरी घेतांना किती नांवांना 'हजर' असें उत्तर आलें नाहीं, हें ते सांगूं लागले व मध्येंच थांबले. पुढें गाडींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

औराद शहाजानीजवळ तेरणा मांजरेस मिळते. तेथवर जाण्याचें राहिलें. त्या गुरुजींच्या वाड्यावर अजून माळवद आहे. त्यावरची माती येत्या उन्हाळ्यांत उतरवून पत्रे घालावयाचे, असें परतीच्या वाटेंत येडशीच्या चहाच्या दुकानीं ठरलें.